कुलूप कंपनीचे, मजकूर आपला

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्या निमित्ताने चर्चा झाली ती नव्या संगणकांच्या खर्चाची, विंडोज 11 ला लागणाऱ्या टीपीएम या सुरक्षा चिपची आणि भंगारात निघणाऱ्या धडधाकट यंत्रांची. आणखी एक गोष्ट त्या दिवशी संपली, तिच्याबद्दल फार कमी बोलले गेले. विंडोज 10 ची 32-बिट आवृत्ती मिळत असे (बिटचा आकडा म्हणजे संगणक एका वेळी किती माहिती हाताळतो त्याचे माप; लहान आकडा जुन्या पिढीचा). विंडोज 11 फक्त 64-बिट आहे, आणि 64-बिट विंडोजवर 16-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. म्हणजे 1990 च्या दशकातली 16-बिट सॉफ्टवेअरे थेट चालवू शकणारी विंडोजची शेवटची पिढी त्या दिवशी निवृत्त झाली.

इंग्रजीत काम करणाऱ्याला याची झळ क्वचितच लागते. त्याची 1995 सालची फाइल कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडते. मांडणी विस्कटली तरी अक्षरे वाचता येतात. मराठीचे तसे नाही. आपल्याकडे साधारण 1990 ते 2012 या काळात संगणकावर जुळवलेली पुस्तके, दिवाळी अंक, साप्ताहिके, पाठ्यपुस्तके, सहकारी संस्थांचे अहवाल आणि सरकारी कागद यांतला फार मोठा भाग अशा फाइलींमध्ये आहे, ज्या एक ठरावीक सॉफ्टवेअर, एक ठरावीक फॉन्ट आणि पुष्कळदा एक ठरावीक हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायचे कुलूप) एकत्र असल्याशिवाय उघडतच नाहीत. म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत आणि प्रकाशनगृहांत एका कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा संगणक अजून जपून ठेवलेला असतो. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 लाच संपला, तरी तो संगणक टाकता येत नाही. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची वेळ आली की त्याच्याचकडे जावे लागते.

हे असे का झाले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यातूनच जबाबदारी कुणाची हे ठरते.

पुण्यात 1988 साली सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणणारे, कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक 1991 साली मान्य झाले. त्यात अक्षर साठवले जात असे, त्याचा आकार नव्हे, आणि तो विचार अगदी योग्य होता. पण पान जुळवण्याचे काम ज्या सॉफ्टवेअरवर होई, ते पेजमेकर रोमन लिपीसाठी बनलेले होते. त्याला एका फॉन्टमध्ये 256 घरे एवढेच ठाऊक. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या त्या घरांत काना, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवले. सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बेतलेला कृतिदेव: प्रत्येकाने आपापल्या सोयीने घरे वाटली. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. त्या कारागिरीमुळेच मराठी प्रकाशन खिळ्यांच्या जुळणीतून इतक्या लवकर बाहेर पडू शकले, आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण त्याची किंमत काय, ते एका शब्दावरून दिसते. कृतिदेव 010 मध्ये 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरे आहेत. फॉन्ट काढून घेतला की उरते ते एवढेच. हाच शब्द श्रीलिपीत वेगळ्या पाच-सहा खुणांचा, आयएसएमच्या फॉन्टमध्ये आणखी वेगळ्या. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली, कारण कागदावर ती आधी दिसते. रफार अक्षरानंतर, कारण तो वर डोक्यावर बसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या जागतिक मानकात, हा क्रम उच्चाराप्रमाणे असतो. म्हणून रूपांतर म्हणजे नुसती खुणांची अदलाबदल होत नाही, प्रत्येक शब्दाची आतून फेरजुळणी करावी लागते. 'कार्यकर्त्यांनी' किंवा 'दुसऱ्या' असे शब्द त्यात हमखास मोडतात. शिवाय काही जुन्या फॉन्टांनी अशी घरे वापरली आहेत, ज्यांना आजची सॉफ्टवेअरे अदृश्य जोडरेघ किंवा न तुटणारी मोकळी जागा समजतात. तिथले अक्षर पडद्यावरून नाहीसेच होते आणि मुद्रितशोधकाला चूक आहे हेही लवकर कळत नाही.

"मग तेव्हाच युनिकोडकडे का वळला नाहीत?" हा प्रश्न मी पुष्कळ वेळा ऐकला आहे, विशेषतः ज्यांनी कधी पान जुळवलेले नाही त्यांच्याकडून. विंडोज 2000 मध्ये देवनागरी युनिकोड आले, मंगल फॉन्ट आला, हे खरे. त्याने पत्र लिहिता येत होते. पुस्तक जुळवता येत नव्हते. पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 मध्ये आली आणि ती युनिकोड जाणत नव्हती. पेजमेकर बनवणाऱ्या अडोबी कंपनीने पुढे इनडिझाइन या नव्या जुळणी-सॉफ्टवेअरवर भर दिला, पण त्यात भारतीय लिप्यांची नीट जुळणी अधिकृतपणे आली ती 2012 च्या सीएस6 आवृत्तीत. मधली दहा-बारा वर्षे मराठी डीटीपी ऑपरेटरसमोर, म्हणजे संगणकावर पाने जुळवणाऱ्यासमोर, पर्याय कोणता होता? त्याने जुन्या फॉन्टवर काम केले ते आडमुठेपणाने केले नाही. बाजाराने त्याच्या भाषेसाठी साधनच उशिरा दिले. आणि नवे साधन आले तेव्हा जुन्या फाइली आत घेण्याची सोय हळूहळू काढून टाकली गेली; आजचे इनडिझाइन पेजमेकरची फाइल उघडत नाही.

आता तांत्रिक बाजू. जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर अडते, तेव्हा त्याची कारणे वेगवेगळ्या जातीची असतात आणि ती सगळी सारखी अटळ नसतात. काही प्रोग्रॅम स्वतः 32-बिट असतात, पण त्यांचा इन्स्टॉलर 16-बिट असतो. म्हणजे आत गेल्यावर सगळे ठीक, फक्त दारातून आत जाता येत नाही. काही प्रोग्रॅम आपली माहिती विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायला जातात. विंडोज व्हिस्टापासून तशी परवानगी नाही. यांवर उपाय आहेत: कंपॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखे वागण्याची सोय), व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक), जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारे डॉसबॉक्स, आणि विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे, 1993 पासून घडत आलेले वाइन. वाइन तर 64-बिट लिनक्सवर 16-बिट विंडोज प्रोग्रॅमही चालवते, जे खुद्द विंडोजला आता जमत नाही. ज्यांनी पगाराशिवाय, वर्षानुवर्षे हे काम केले, त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे.

खरी अडचण लॉकची आहे. प्रिंटरच्या पोर्टला लावायचा तो छोटा डोंगल. त्याचा ड्रायव्हर (विंडोजला तो ओळखवून देणारा प्रोग्रॅम) 32-बिट, आणि 64-बिट विंडोज असा ड्रायव्हर स्वीकारत नाही. नव्या मदरबोर्डला ते पोर्टच नाही. यूएसबीचे रूपांतरक मिळतात, पण ते प्रिंटरपुरते. बहुतेक लॉक त्यांवर ओळखले जात नाहीत. लॉक बिघडला आणि विकणारी कंपनी त्या आवृत्तीतून बाहेर पडली असेल, तर रीतसर पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर त्या क्षणी संपले. इथे संगणकशास्त्राचा कुठलाही नियम आड येत नाही. एका कंपनीने आपल्या कमाईच्या रक्षणासाठी लावलेले कुलूप, त्या कमाईचा काळ संपल्यावरही तसेच राहिले, एवढेच.

जुने चालू ठेवणे अशक्य असते, हा समजही खरा नाही. आयबीएमने 7 एप्रिल 1964 रोजी सिस्टिम/360 ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम तिच्या वंशातल्या आजच्या मोठ्या मेनफ्रेम संगणकांवर चालू शकतात, कारण बँका आणि विमा कंपन्या हे तिचे गिऱ्हाईक होते आणि त्यांना दुसरे काही मान्य नव्हते. विंडोज 95 घडवताना सिमसिटी हा लोकप्रिय खेळ बंद पडतो असे दिसले. दोष खेळाच्या कोडमध्ये होता, तरी मायक्रोसॉफ्टने खेळ ओळखून त्याच्यासाठी मेमरी हाताळण्याची वेगळी पद्धत विंडोजमध्ये घातली. उलट अॅपलने 2019 च्या कॅटालिना या मॅक प्रणालीमध्ये 32-बिट प्रोग्रॅमांना एका फटक्यात दार बंद केले. तंत्रज्ञान तिन्ही ठिकाणी सारखेच होते. निर्णय वेगळे होते. गिऱ्हाइकाची ताकद जिथे मोठी, तिथे जुने टिकते. मराठी छापखान्याची ताकद कुठल्याच कंपनीला मोजण्याइतकी नव्हती.

म्हणून मला वाटते की हा प्रश्न बाजारावर सोडून चालणार नाही. माझी मागणी साधी आहे. कंपनीने सॉफ्टवेअर कायम सांभाळावे असे मी म्हणत नाही. तो हट्ट अन्यायाचा होईल. पण विक्री आणि सपोर्ट दोन्ही थांबवले, की कुलूप काढून देणे आणि फाइलीची रचना व फॉन्टची घरवाटणी जाहीर करणे तिच्यावर बंधनकारक असले पाहिजे. कंपनीने ते केले नाही, किंवा कंपनीच उरली नाही, तर वैध खरेदीदाराला ते कुलूप स्वतः किंवा दुसऱ्याकडून काढून घेण्याचा निःसंदिग्ध हक्क असला पाहिजे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. बिल्डर इमारत बांधतो, सदनिका विकतो आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (सोसायटीच्या नावे मालकी) करून न देता निघून जातो. सोसायटी वर्षानुवर्षे लटकते. यावर 1963 च्या सदनिका मालकी कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय आली. बिल्डर येवो न येवो, सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करते आणि हक्क मिळवते. जो देणे लागतो तो गायब झाला म्हणून घेणाऱ्याचा हक्क बुडत नाही, हे तत्त्व आपण जमिनीबाबत मान्य केले आहे. आयुष्यभराच्या लेखनाबाबत ते मान्य करायला काय हरकत आहे?

कंपन्यांना हे जमते, याचा पुरावाही आहे. सीएस2 या 2005 सालच्या सॉफ्टवेअर-संचाची ऑनलाइन पडताळणी करणारे सर्व्हर अडोबीने बंद केले, तेव्हा 2013 च्या सुरुवातीला तिने पडताळणीविना चालणारी प्रत जुन्या गिऱ्हाइकांसाठी उपलब्ध करून दिली. त्याने तिचे काही बिघडले नाही. जे एकीने चांगुलपणाने केले, ते सर्वांनी कर्तव्य म्हणून करावे.

आता कायदा. आपला कॉपीराइट कायदा याबाबत पुष्कळांना वाटतो तेवढा कठोर नाही, आणि हे छापखानदारांना कळायलाच हवे. 1957 च्या या कायद्याचे कलम 52 सांगते की वैध प्रत बाळगणारा माणूस, ज्या कामासाठी प्रोग्रॅम घेतला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून, त्याची प्रत काढू शकतो आणि त्यात फेरफारही करू शकतो. दुसऱ्या प्रोग्रॅमशी त्याचा मेळ बसवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढण्याचीही मुभा आहे. 2012 मध्ये आलेले कलम 65 ए तांत्रिक कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडले तर. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडले, तर गुन्हा नाही. तोडून देणाऱ्याने मात्र कुणासाठी आणि कशासाठी तोडले याची पूर्ण नोंद ठेवायची. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने सरसकट बंदी घातली आणि मग दर तीन वर्षांनी अपवाद मागण्याची वेळ लोकांवर आणली. बिघडलेल्या, कालबाह्य डोंगलसाठीचा अपवाद तिथे 2003 साली नावानिशी द्यावा लागला. आपली सुरुवात त्यांच्यापेक्षा बरी आहे.

तरी उणिवा आहेत. परवान्याच्या करारात कंपनीने उलट अट घातली तर कोण वरचढ, हे आपला कायदा स्पष्ट सांगत नाही. युरोपने 1991 च्या निर्देशातच अशा काही अटी रद्दबातल ठरवल्या होत्या. दुसरी उणीव मला जास्त सलते. सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची परवानगी कलम 52 देते, पण अट अशी की त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असावी. जे जन्मापासून डिजिटलच आहे, म्हणजे सॉफ्टवेअर आणि फॉन्ट, ते या सवलतीच्या बाहेर राहते. एखाद्या ग्रंथालयाने श्रीलिपीची 1996 ची आवृत्ती भावी संशोधकासाठी जपायची ठरवली, तर कायदा त्याच्या पाठीशी ठामपणे उभा राहत नाही. ही दुरुस्ती एका ओळीची आहे आणि ती व्हायला हवी.

पायरसीचे काय, असे कंपन्या विचारतील आणि विचारायलाच हव्यात. आपल्या डीटीपी व्यवसायात चोरीच्या प्रती सर्रास होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि कलम 52 चा आसरा त्यांना मिळत नाही; मिळूही नये. पण परिणाम पाहा. चोरीच्या प्रतीतले कुलूप तेव्हाच काढलेले होते, म्हणून ती आजही व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरळीत चालते. अडला आहे तो पैसे मोजून, पावती घेऊन, लॉक कपाटात जपणारा प्रकाशक. विंडोजचीही तीच गत: संगणकाबरोबर आलेला एक्सपीचा परवाना त्याच यंत्राला बांधलेला, यंत्र मेले की परवानाही गेला, आणि एक्सपी आता कुणी विकत नाही. प्रामाणिक माणसालाच शिक्षा करणारी व्यवस्था पायरसी रोखत नाही, ती प्रामाणिकपणाच महाग करते.

सुरक्षेचा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा ब्रिटनच्या रुग्णालयांपासून आंध्र प्रदेशच्या पोलिसांपर्यंत अनेकांचे संगणक ठप्प झाले. त्यातले बहुसंख्य संगणक विंडोज 7 चे होते, ज्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण बसवली गेली नव्हती. तरीही मूळ मुद्दा टिकतो. सपोर्ट संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडणे धोक्याचे आहे. कोपऱ्यातला एक्सपी नेटवर ठेवून त्यावरूनच ईमेल पाहणारे छापखाने आहेत. त्यांनी ते आजच थांबवावे. जुने सॉफ्टवेअर नव्या, सुरक्षित संगणकाच्या आत, नेट तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालावे हाच खरा उपाय, आणि त्याच उपायाच्या आड डोंगल येतो. म्हणजे कुलूप काढण्याची परवानगी ही सुरक्षेच्याच बाजूची मागणी आहे.

मी हे सगळे जुन्या फॉन्टवरच काम चालू ठेवावे म्हणून लिहीत नाही. नवे काम युनिकोडमध्येच व्हावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 2009 साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले, त्यानंतरही सरकारी कार्यालयांत जुने फॉन्ट रेंगाळले, हे वाईटच. जुने सॉफ्टवेअर हवे ते जुना मजकूर सोडवून आणण्यासाठी. रूपांतरकाने दिलेला मजकूर बरोबर आहे की नाही हे तपासायला मूळ पान मूळ रूपात समोर दिसावे लागते, आणि ते दाखवणारे दुसरे काही नाही. छापील पुस्तक स्कॅन करून अक्षरओळख चालवावी असे काही जण सुचवतात. चालेल, पण ज्या मजकुराची मुद्रिते तीन-तीन वेळा तपासून शुद्ध प्रत फाइलीत ठेवली आहे, तो पुन्हा यंत्राकडून अदमासाने वाचून घेणे म्हणजे झालेले कष्ट फेकून देणे. आणि जे कधी छापलेच गेले नाही, ती हस्तलिखिते, कोशांच्या कच्च्या नोंदी, अर्धवट राहिलेली संपादने, त्यांचे स्कॅन कशाचे करणार?

सरकारने सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. सी-डॅक सार्वजनिक पैशावर उभी आहे. तिच्या सगळ्या जुन्या फॉन्टांची घरवाटणी, जुन्या आयएसएम आवृत्त्यांच्या लॉकविना चालणाऱ्या प्रती आणि रूपांतरकांचा मूळ कोड मुक्त परवान्याखाली खुला करणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, निर्णयाची आहे. खासगी कंपन्यांनाही राज्य सरकार, मोठे गिऱ्हाईक म्हणून, निविदेतच अट घालू शकते: मूळ कोड आणि फाइलीचा तपशील त्रयस्थाकडे ठेव म्हणून राहील आणि सपोर्ट थांबला की तो खुला होईल. खुल्या मानकांचे धोरण केंद्राने 2010 मध्येच केले आहे. ते पुढच्या खरेदीला लागू करणे कुणाच्या हातात आहे, हे सांगायला नको.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्यातून जुन्या पोथ्या आणि ताम्रपटांच्या अभ्यासाला बळ मिळावे, ही सर्वांची इच्छा आहे, माझीही. पण शेकडो वर्षांपूर्वीची पोथी मोडी किंवा बाळबोध जाणणाऱ्याला आजही उघड्या डोळ्यांनी वाचता येते, आणि 1997 ची फाइल वाचता येत नाही. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याने, किंवा राज्य मराठी विकास संस्थेने, असे एक केंद्र चालवावे जिथे कुणीही प्रकाशक, लेखक किंवा लेखकाचे वारस जुन्या सीडी, झिप डिस्क, हार्ड डिस्क घेऊन येतील; तिथे सगळे जुने फॉन्ट आणि प्रोग्रॅम कायदेशीरपणे चालत असतील, आणि मजकूर तपासून युनिकोडमध्ये परत मिळेल. कलम 65 ए ला हवी असलेली नोंदवही तिथे टेबलावरच असेल. अशा केंद्रात नेमायची माणसे कोण, तेही मला स्पष्ट दिसते. 1990 च्या दशकात पंचविशीत असलेले डीटीपी ऑपरेटर आज साठीकडे झुकले आहेत. कुठल्या फॉन्टमध्ये रफार कुठल्या कळीवर होता, कुठल्या आवृत्तीत 'ऱ्य' फसतो आणि तो कसा दुरुस्त करायचा, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. ते कुठल्याच पुस्तिकेत पूर्ण लिहिलेले नाही. ही नेमणूक पुढच्या दोन-तीन अर्थसंकल्पांच्या आत व्हायला हवी.